ऐकणाऱ्याचे कर्तव्य आणि सांगणाऱ्याचा अधिकार

अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने एप्रिल २०२४ मध्ये एक विस्तृत नियमावली प्रसिद्ध केली. शिक्षणसंस्थांतील लिंगभेद आणि लैंगिक छळ यांना पायबंद घालणे हा तिचा हेतू होता. तिच्या व्याख्यांच्या प्रकरणात एक लहानसे उपकलम होते. लिंगभेदाविषयी माहिती मिळविण्यासाठी आखलेले आणि नीतिपरीक्षण समितीने मान्य केलेले संशोधन जो विद्यापीठीय कर्मचारी करीत असेल, त्याला त्या संशोधनाच्या ओघात कानी आलेल्या गोष्टींपुरते 'गोपनीय कर्मचारी' मानावे, असा त्याचा आशय. म्हणजे संशोधनात सहभागी झालेल्या एखाद्या विद्यार्थिनीने आपल्यावरील अत्याचार त्याला सांगितला, तर तो विद्यापीठाच्या अधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन त्याच्यावर राहू नये. याच व्याख्येत दुसरा एक वर्ग होता : ज्यांच्याशी झालेले बोलणे कायद्यानेच गोपनीय मानले जाते अशांचा, उदाहरणार्थ समुपदेशकांचा किंवा पाळकांचा. संशोधकाला येथे पाळकाच्या शेजारी बसविण्यात आले होते.

ही नियमावली १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आली आणि ९ जानेवारी २०२५ रोजी केंटकी राज्यातील एका संघीय जिल्हा न्यायालयाने ती समूळ रद्द ठरविली. न्यायालयातील वाद मुख्यतः 'लिंग' या शब्दात काय काय येते याविषयी होता. संशोधकाच्या मौनाविषयी नव्हता. पण झाडाबरोबर फांदीही गेली. त्यानंतर २०२० ची जुनी नियमावली पुन्हा लागू झाली. तिच्यानुसार उच्च शिक्षणसंस्थेत कोणत्या कर्मचाऱ्याने काय कळवावे हे बव्हंशी त्या त्या संस्थेच्या धोरणावर सोपविलेले आहे.

रद्द झालेल्या उपकलमाची समीक्षा कशासाठी, असे वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की नियम रद्द झाला तरी ज्या प्रश्नासाठी तो जन्मला तो प्रश्न रद्द झालेला नाही. आणि तो प्रश्न पाळकांच्या व धर्मशिक्षकांच्या रोजच्या सेवेला लागून असलेला आहे. विश्वासाने सांगितलेले दुःख ऐकल्यावर ऐकणाऱ्याने ते पुढे न्यावे की जपून ठेवावे? आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नाची दोन्ही मुळे एकाच वर्षात सापडतात. २३ जून १९७२ रोजी अमेरिकेत 'टायटल नाइन' या नावाने ओळखले जाणारे कलम कायद्यात आले. केंद्र सरकारचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या कारणाने कोणालाही वंचित ठेवता येणार नाही, असे ते सांगते. त्यानंतर महिनाभराने, २५ जुलै रोजी, टस्कीगीचा प्रयोग जगापुढे आला. अलाबामा राज्यातील सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांचे, ज्यांतील ३९९ जण उपदंशाने आजारी होते, सरकारी आरोग्य सेवेने १९३२ पासून चाळीस वर्षे केवळ निरीक्षण केले. पेनिसिलीनसारखे खात्रीचे औषध उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही, आणि त्यांना सत्यही सांगितले नाही. या पापाच्या जाणिवेतून १९७४ चा राष्ट्रीय संशोधन कायदा झाला आणि १९७९ मध्ये 'बेलमाँट अहवाल' प्रसिद्ध झाला. व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय ही तीन तत्त्वे त्याने संशोधकांपुढे ठेवली.

पहिल्या मुळातून कळविण्याचे कर्तव्य वाढले. विद्यापीठे आपल्या नावलौकिकासाठी तक्रारी दडपतात हा अनुभव जुना होता. म्हणून शिक्षण खात्याच्या मार्गदर्शक पत्रांतून 'जबाबदार कर्मचारी' ही कल्पना पुढे आली, आणि २०११ व २०१४ च्या पत्रांनी तिला धार आली. ही दोन्ही पत्रे २०१७ मध्ये मागे घेण्यात आली. परंतु तोवर विद्यापीठांनी आपापली धोरणे बदलली होती. कॅथरिन हॉलंड, लिलिया कॉर्टिना आणि जेनिफर फ्राइड यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५० शिक्षणसंस्थांची धोरणे तपासली. त्यांपैकी ६९ टक्के धोरणांत सर्वच कर्मचाऱ्यांना आणि आणखी १९ टक्क्यांत बहुतेकांना वर्दी देण्यास बांधलेले आढळले. टेक्सास राज्याने तर २०१९ मध्ये कायदा करून विद्यापीठीय कर्मचाऱ्याने अशी गोष्ट न कळविणे हा गुन्हा ठरविला.

दुसऱ्या मुळातून मौनाचे कर्तव्य वाढले. संशोधक सहभागी व्यक्तीकडून संमती घेतो तेव्हा एक वचन देतो : तुमचे नाव बाहेर जाणार नाही. केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या आरोग्यविषयक संशोधनाला २०१७ पासून आपोआप मिळणारे गोपनीयतेचे प्रमाणपत्र हे वचन न्यायालयापुढेही पाळावयास लावते. बालकांवरील अत्याचारासारख्या, कायद्याने कळविणे सक्तीचे केलेल्या गोष्टी तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. अशा रीतीने एकाच प्राध्यापिकेच्या एका हातात कर्मचारी म्हणून वर्दीचा कागद आणि दुसऱ्या हातात संशोधक म्हणून मौनाचे वचनपत्र आले. २०२४ च्या उपकलमाने ही गाठ सोडविण्याचा प्रयत्न केला, हे त्याचे श्रेय आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

तो प्रयत्न आवश्यक होता, कारण या विषयातील बहुतेक दुःख कोणत्याही कचेरीत पोहोचतच नाही. अमेरिकन विद्यापीठांच्या संघटनेने २०१९ मध्ये ३३ संस्थांत केलेल्या निनावी पाहणीत, १३ टक्के विद्यार्थ्यांनी बळजबरीने किंवा संमती देण्याच्या अवस्थेत नसताना झालेला लैंगिक स्पर्श सांगितला. त्याआधीच्या २०१५ च्या पाहणीत असे दिसले होते की अतिगंभीर घटनांपैकीसुद्धा २८ टक्के किंवा त्याहून कमी घटनाच कोणत्याही संस्थेला वा यंत्रणेला कळविल्या गेल्या. 'एवढे गंभीर नव्हते', 'लाज वाटली', 'सांगून काही होणार नाही' ही त्यामागची कारणे. कचेरीत जे सांगितले जात नाही ते निनावी प्रश्नपत्रिकेत किंवा मुलाखतीत सांगितले जाते. ती वाटही वर्दीच्या खोलीकडेच जाते असे कळले, तर लोक तीही सोडून देतील.

आता उपकलमाच्या दोषांकडे वळू.

पहिला दोष सीमारेषेचा. उपकलमाने संरक्षण दिले ते लिंगभेदाविषयी माहिती गोळा करण्यासाठीच आखलेल्या संशोधनाला. पण दुःख विषयपत्रिका पाहून बाहेर पडत नाही. विद्यार्थ्यांच्या झोपेविषयी, मद्यपानाविषयी किंवा अभ्यासातील गळतीविषयी मुलाखती घेणाऱ्यालाही एखादी मुलगी सांगेल की, त्या रात्रीपासून मला झोप नाही. तिने ठेवलेला विश्वास तोच, तिला मिळालेले वचनही तेच. परंतु या संशोधकाला उपकलमाचा आधार नाही. मग संरक्षण मिळाले ते कोणाला? बोलणाऱ्या व्यक्तीला नव्हे, तर अभ्यासाच्या विषयाला. गोपनीयतेचे मोल माहितीच्या उपयुक्ततेवर ठरले. येथे बेलमाँट अहवालाचे पहिले तत्त्व मागे पडून संशोधनाची सोय पुढे आली आहे, असे आम्हांस वाटते. ज्या संस्कृतीने टस्कीगी पाहिले तिने तरी माणसाचा शब्द हा प्रथम त्या माणसाचा असतो, हे कारण स्पष्ट अक्षरांत लिहावयास हवे होते.

दुसरा दोष अपुरेपणाचा. गोपनीय कर्मचाऱ्याने सांगणाऱ्या व्यक्तीला आपली भूमिका समजावून द्यावी, तक्रार कोठे व कशी करता येते आणि कोणते साहाय्य मिळू शकते हे सांगावे, अशी तरतूद त्या नियमावलीत होती, आणि ती चांगली होती. पण हे सारे समजावयाचे ते सांगून झाल्यावर. व्यक्तीचा खरा आदर आधी सांगण्यात आहे. मुलाखतीच्या आरंभीच, साध्या भाषेत, 'अमुक गोष्ट मी माझ्यापाशी ठेवू शकेन, अमुक गोष्ट मला कळवावीच लागेल' असे ज्याने सांगितले त्याने समोरच्या माणसाच्या हाती निर्णय दिला. ऐकून घेऊन नंतर नियम दाखविणे म्हणजे दार लावून घेतल्यावर बाहेर जाण्याची वाट सांगणे होय.

येथे पवित्र शास्त्रातील दोन कन्यांच्या कथा शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे आम्ही सुचवितो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातील तामार गप्प राहिली नाही. तिने आधी अम्नोनाला विनविले, त्याच्या कृत्याचे नाव घेतले. नंतर डोक्यात राख घालून, अंगावरचा झगा फाडून ती आक्रोश करीत निघाली. तिची वर्दी साऱ्या राजवाड्याने ऐकली. अबशालोमाने तिला गप्प राहावयास सांगितले, कारण अपराधी घरचाच होता. दावीद राजा संतापला, पण त्या संतापातून कोणतीही कृती निघाली नाही. कळविण्याच्या कर्तव्याचा सारा कायदा दावीदाच्या त्या निष्क्रिय संतापाला दिलेले उत्तर आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. मिशिगन राज्य विद्यापीठातील डॉक्टर लॅरी नासर याच्याविषयी मुलींनी अनेक वर्षे आधीच विद्यापीठातील माणसांच्या कानावर घातले होते, हे पुढे उघड झाले. २०१८ मध्ये त्या विद्यापीठाने पीडितांना ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तामारेचा आक्रोश ऐकून न ऐकल्यासारखे करणारे राजवाडे आजही आहेत. म्हणून वर्दीच्या कर्तव्याची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु उत्पत्तीच्या चौतिसाव्या अध्यायात दीनेची कथा आहे. शखेमाने तिला भ्रष्ट केल्याचे याकोबाच्या कानी आले. मुलगे रानातून येईपर्यंत तो गप्प राहिला. मग सारे बोलले. हमोर बोलला, शखेम बोलला, भाऊ कपटाने बोलले, शिमोन व लेवी यांनी तलवारी उपसून एक नगर कापून काढले, आणि शेवटी याकोब बोलला तो आपल्यावर येणाऱ्या संकटाविषयी. त्या अध्यायात एकच व्यक्ती एक शब्दही बोलत नाही, ती म्हणजे दीना. तिला काय हवे आहे हे कोणी विचारले नाही. तिच्या नावाने सर्व काही झाले, तिच्यासाठी मात्र काय झाले हे सांगता येत नाही. तिची इच्छा न विचारता, कर्मचाऱ्याचे अंग मोकळे व्हावे म्हणून भरून पाठविलेली वर्दी ही या भावांच्या तलवारीची सौम्य, कागदी आवृत्ती आहे.

तामारेच्या बाबतीत चूक झाली ती ऐकून काही न करण्याची. दीनेच्या बाबतीत न ऐकताच सर्व काही करण्याची. जो नियम एका चुकीपासून पळताना दुसरीत शिरतो तो अर्धाच नियम होय. वर्दीचे सर्वव्यापी धोरण पहिली चूक टाळू पाहते आणि दुसरीत सापडते. संशोधकाला दिलेली निव्वळ सूट दुसरी टाळते. पण तिच्याबरोबर साथ देण्याचे कर्तव्य नसेल तर ती पहिलीत पडते. माहिती घेऊन, वही मिटून, माणसाला तेथेच सोडून निघून जाणारा संशोधक टस्कीगीच्या निरीक्षकांपासून फार दूर गेलेला नाही.

या मतावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. एकाच संशोधकाला पाच निरनिराळ्या मुलींनी एकाच प्राध्यापकाचे नाव सांगितले तर? त्याच्या मौनामुळे सहावीचा घात होणार नाही काय? शिवाय गुप्ततेच्या पदराआड पुष्कळ पापे झाकली गेली आहेत, आणि ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात तर ती विशेष झाकली गेली आहेत. हे खरे आहे. म्हणूनच आम्ही झाकणे आणि जपणे यांत भेद करतो. झाकणे हे अपराध्यासाठी आणि संस्थेसाठी असते. जपणे हे दुखावलेल्यासाठी असते. गुप्तता राखण्याने कोणाचे भय कमी होते, हा एक प्रश्न विचारला की दोहोंतील फरक कळतो. अपराध्याचे भय कमी होत असेल तर ते झाकणे होय. पाच जणींनी एकच नाव सांगितले असता संशोधकाने स्वस्थ बसणे हे जपणे नव्हे. त्याने त्या प्रत्येकीकडे परत जावे, 'तुम्ही एकट्या नाही' एवढे कोणाचेही नाव न घेता सांगावे, आणि पुढचे पाऊल त्यांच्या संमतीने व त्यांच्याबरोबर टाकावे. अमेरिकेत २०१५ पासून 'कॅलिस्टो' नावाच्या संस्थेने याच कल्पनेवर एक व्यवस्था उभारली : पीडित व्यक्ती आपली हकीकत सुरक्षित नोंदवून ठेवते, आणि दुसऱ्या कोणी त्याच अपराध्याचे नाव नोंदविले तर दोघींना पुढचे दार उघडते. केव्हा बोलावयाचे ही किल्ली तेथे सांगणाऱ्याच्याच हाती राहते.

बालकांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि येथे आमच्या वाचकांनी कोणत्याही संदिग्धतेत राहू नये. प्रौढ व्यक्तीच्या निर्णयाचा आदर करा असे आम्ही म्हणतो, कारण निर्णयाची शक्ती तिच्यापाशी आहे. बालकाभोवती ती शक्ती मोठ्यांनी उभी करावयाची असते. आपल्या देशात बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सर्वत्र 'पॉक्सो' म्हणतात, त्याचे १९ वे कलम सांगते की अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर असा अपराध झाल्याचे ज्या कोणास ठाऊक असेल त्याने ते पोलिसांना कळविले पाहिजे. २१ व्या कलमानुसार न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, वा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा अपराध न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळविणाऱ्यास हाच कायदा संरक्षण देतो. त्यात 'जो कोणी' असे म्हटले आहे. तेथे संशोधकाला सूट नाही आणि पाळकालाही नाही. याउलट कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्यात लेखी तक्रार करण्याचा अधिकार मुळात त्या पीडित स्त्रीचा आहे. आमच्या कायद्यांनी वयाची ही रेघ ओढली आहे, ती अमेरिकन उपकलमाने ओढलेल्या विषयाच्या रेघेपेक्षा अधिक शहाणपणाची आहे असे आमचे मत आहे.

पाळक, धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी या परक्या देशातील वादातून काय घ्यावे? आमच्या मते चार गोष्टी. पहिली, आपले वचन आधी तोलावे : 'कोणालाही सांगणार नाही' असे सरसकट अभय मुलांच्या वर्गात किंवा युवक शिबिरात कोणीही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही आणि मोडल्यावर विश्वासाचा दुसरा घात होईल. दुसरी, कोणी बोलू लागले तर तपासनीस होऊ नये. तपशील उकरून काढणे हे आपले काम नव्हे, ऐकणे आणि सुरक्षितता पाहणे हे आपले काम. तिसरी, प्रौढ व्यक्तीला तिची वाट तिच्या गतीने निवडू द्यावी, पण ती निवडताना डॉक्टर, वकील, पोलीस चौकी येथपर्यंत तिच्याबरोबर चालण्याची तयारी ठेवावी. चौथी, आरोपी आपल्याच मंडळीतील, आपल्याच वेदीवरील असला तरी अबशालोमाचा सल्ला देऊ नये. घरचा माणूस आहे म्हणून गप्प राहा, हे वाक्य आमच्या कुटुंबांत आणि मंडळ्यांत फार वेळा उच्चारले गेले आहे.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय ओरडत होता तेव्हा लोकांनी त्याला गप्प बसावयास सांगितले. प्रभूने त्याला बोलावून घेतले, आणि त्याचे आंधळेपण उघड दिसत असतानाही, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे, असे विचारले. सर्व जाणणाऱ्यानेही विचारल्यावाचून हात पुढे केला नाही. अमेरिकन शिक्षण खाते उद्या नवी नियमावली लिहील, आणि आमच्या मंडळ्याही आपापली धोरणे लिहितील. त्यांची पारख करताना, वर्दी देणाऱ्याचे अंग मोकळे होण्याआधी सांगणाऱ्याला हा प्रश्न विचारण्यास त्यात जागा ठेवली आहे की नाही, एवढे वाचकांनी पाहावे.